कायद्याचे कान

गेले काही महिने रात्री जेवणं आटोपली की मी एकच काम घेऊन बसतो. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं आदिवासी जनसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. ४६ कलमांचा तो दस्तऐवज मराठीत आणावा असं मनात आलं आणि सुरुवात केली. कुणी सांगितलेलं काम नाही. रोज एखादं कलम, जमलं तर दोन. पण गाडी शीर्षकावरच अडली, तीही एका अक्षरावर.

इंग्रजी शीर्षकात 'पीपल' नाही, 'पीपल्स' आहे. शेवटचा तो 'एस' मराठीत ऐकूच येत नाही. आपला 'लोक' हा शब्द मुळातच अनेकवचनी. 'लोक आले' म्हटलं की चार माणसं आली की चार वेगवेगळे समाज आले, हे त्या शब्दातून कळायला मार्ग नाही. मी आधी 'आदिवासी लोकांचे हक्क' लिहिलं आणि पुढे निघालो. तिसऱ्या कलमापाशी आल्यावर लक्षात आलं की शीर्षकातच मी फार मोठी गोष्ट हरवून बसलोय.

तिसरं कलम स्वयंनिर्णयाचं आहे. आंतरराष्ट्रीय कायद्यात आपलं भवितव्य आपण ठरवण्याचा हक्क 'पीपल्स'ना आहे, म्हणजे समाज म्हणून, समूह म्हणून जगणाऱ्यांना. सुट्या सुट्या माणसांना इतर हक्क आहेत, हा नाही. म्हणून सरकारांना त्या एका अक्षराची धास्ती होती. १९८२ साली या विषयासाठी जिनिव्हात कार्यगट बसला, तेव्हा त्याच्या नावात 'पॉप्युलेशन्स' असा शब्द घातला होता. लोकसंख्या! लोकसंख्या मोजतात, तिला विचारत नाहीत. १९९३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी जगातल्या आदिवासींचं म्हणून पाळलं, त्याच्या नावात 'पीपल' होतं, 'एस' नव्हता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८९च्या १६९ क्रमांकाच्या करारात तो 'एस' आला, पण पहिल्याच कलमात एक पोटकलम जोडलं गेलं: या शब्दाला आंतरराष्ट्रीय कायद्यात जे हक्क चिकटलेले असतील, ते इथे चिकटलेत असं समजू नये. एका हातानं अक्षर दिलं, दुसऱ्या हातानं त्याचा अर्थ काढून घेतला.

जाहीरनाम्याचा मसुदा १९९३ साली कार्यगटानं तयार केला होता. मंजुरीला त्यानंतर १४ वर्षं लागली. २००७ साली बाजूनं १४४ मतं पडली, ११ देश तटस्थ राहिले आणि चौघांनी विरोध केला: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. चारही देश बाहेरून येऊन वसलेल्यांच्या राज्यातून उभे राहिलेले. २०१० संपेपर्यंत चौघांनीही आपली भूमिका बदलली. भारतानं बाजूनं मत दिलं, पण देशातली सगळीच जनता इथली मूळची आहे, अशी पुस्ती जोडली. बाजूनं मत देऊनही प्रश्न दाराबाहेर ठेवता येतो, हे मला त्या पुस्तीतून कळलं.

शेवटी मी 'जनसमूह' हा शब्द घेतला. तो पूर्ण पटलेला नाही, पण ज्याला मत असतं, आठवण असते, जो 'नाही' म्हणू शकतो, असं काहीतरी त्यातून ऐकू येतं. 'ऐकू येणं' हा शब्द इथे सहज आला नाही. या विषयावर जितकं वाचत गेलो, तितकं वाटत गेलं की सगळ्या भांडणाच्या मुळाशी हेच आहे. आदिवासी बोलत नव्हते असं कधीच नव्हतं. ज्यांनी ऐकायचं, त्यांचे कान एका ठरावीक सुरालाच लागलेले होते.

१९२३ साली एक माणूस जिनिव्हाला पोचला होता, राष्ट्रसंघाच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेच्या दारी. नाव लेव्ही जनरल, पण तो आला होता 'देस्काहेह' म्हणून. हे त्याचं कायुगा राष्ट्राच्या प्रमुखाचं नाव. होदेनोशोनी, म्हणजे बाहेरचे ज्यांना इरोक्वॉय म्हणतात त्या महासंघाचा तो प्रतिनिधी, आणि प्रवासाला निघाला होता स्वतःच्या महासंघाचा पासपोर्ट घेऊन. म्हणणं साधं होतं: आम्ही ब्रिटिश राजाचे मित्र होतो, प्रजा नव्हतो, कॅनडा आमचा कारभार मोडतोय, राष्ट्रसंघानं आमचं ऐकावं. वर्षभराहून जास्त काळ तो तिथे थांबला. राष्ट्रसंघाच्या सभागृहात त्याला बोलू दिलं नाही ते नाहीच. इकडे १९२४ साली कॅनडानं त्यांची परंपरागत परिषद बरखास्त केली आणि १९२५च्या जूनमध्ये तो वारला. त्याच सुमारास न्यूझीलंडहून माओरी नेते रातानाही जिनिव्हाला गेले होते. त्यांनाही दार बंदच होतं.

या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त छळतो. १९२७ साली कॅनडानं कायदा केला की सरकारच्या परवानगीशिवाय आदिवासींच्या जमिनीच्या दाव्यासाठी कुणी पैसे गोळा करायचे नाहीत. म्हणजे वकील करायचा नाही. ते कलम १९५१ पर्यंत कायद्यात होतं. त्याच काळात मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत कोंडलं जात होतं. अशी सुमारे १ लाख ५० हजार मुलं, आणि शेवटची शाळा बंद झाली १९९०च्या दशकात. त्या शाळांत मुलांना आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची. आई-बापांना वकील करू द्यायचा नाही आणि मुलांची जीभ कापून ठेवायची. मग पुढच्या पिढीत दावा करणार कोण, आणि कुठल्या भाषेत?

दाव्याची भाषा म्हटलं की मला न्यूझीलंडचा तो कागद आठवतो. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वैतांगीला माओरी प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात करार झाला. इंग्रजी मसुद्याचं माओरी भाषांतर हेन्री विल्यम्स या मिशनऱ्यानं मुलाच्या मदतीनं एका रात्रीत उरकलं होतं. इंग्रजीत लिहिलं होतं की प्रमुख आपलं सार्वभौमत्व राणीला देत आहेत. माओरीत त्या जागी आला 'कावानातांगा', म्हणजे साधारण कारभार. आणि दुसऱ्या कलमात माओरी प्रतीनं प्रमुखांना 'रांगातिरातांगा'ची हमी दिली, म्हणजे आपल्या जमिनीवर, गावांवर आणि मौल्यवान गोष्टींवर स्वतःची सत्ता. ५००च्या आसपास प्रमुखांनी खुणा केल्या त्या जवळजवळ सगळ्या माओरी प्रतीवर. त्यांनी सही केली एका करारावर आणि राज्य चाललं दुसऱ्यावर. १८५ वर्षं उलटून गेली तरी तो शब्द धुमसतोच आहे. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये कराराचा अर्थ नव्यानं ठरवू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध हजारो लोक चालत वेलिंग्टनला आले. २०२५च्या एप्रिलमध्ये ते विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. रात्रीच्या दिव्याखाली भाषांतर करणाऱ्या माणसाच्या हातून काय होऊ शकतं, हे मला तेव्हापासून विसरता आलेलं नाही. एक शब्द घाईनं लिहिला तर हात थांबतो.

ऑस्ट्रेलियात तर कागदही नव्हता. तिथल्या जमिनीकडे इंग्रजांचा कायदा 'कुणाचीच नसलेली भूमी' म्हणून बघायचा. त्यासाठी लॅटिनमध्ये शब्द आहे, 'टेरा नलियस'. हजारो वर्षं जिथे माणसं नांदत होती, ती जागा रिकामी.

एडी माबो हा टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचा माणूस. टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात तो माळी होता. १९७०च्या दशकात एकदा तिथल्या दोन इतिहासकारांशी बोलताना तो आपल्या बेटावरच्या आपल्या जमिनीबद्दल सांगत होता. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि जड मनानं त्याला सांगितलं की ती जमीन तुझी नाही, कायद्यानं ती राजाची आहे. त्याचा विश्वासच बसेना. मी तो प्रसंग वारंवार डोळ्यांसमोर आणून बघतो. ज्या जमिनीच्या बांधाचा प्रत्येक दगड ओळखीचा, कुठल्या झाडापर्यंत आपलं आणि कुठून शेजाऱ्याचं हे लहानपणी हात धरून दाखवलेलं, ती कधी आपली नव्हतीच, हे माणसाला गप्पांच्या ओघात कळतं.

१९८२ साली त्यानं आणि आणखी चौघांनी दावा लावला. क्वीन्सलँड सरकारनं १९८५ साली खटला संपवण्यासाठी कायदाच केला: बेटं ताब्यात घेतली तेव्हाच, म्हणजे १८७९ साली, तिथले सगळे हक्क नष्ट झाले होते असं जाहीर करणारा. १९८८ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा फेटाळला. साक्षी चालल्या. बेटावरची माणसं मालोचे नियम सांगत होती. मालो ही त्यांची देवता. त्याचं सांगणं असं की आपले हात आपल्यापाशी ठेवावेत, जे आपलं नाही त्याला लावू नयेत. दुसऱ्याच्या जागेत पाऊल टाकू नये. हे ऐकताना समोरच्या सरकारी वकिलांना काय वाटलं असेल कोण जाणे. ज्यांच्याकडे कायदाच नाही असं गृहीत धरलं होतं, त्यांच्या कायद्याचं पहिलंच वाक्य पाहुण्यांना लागू पडत होतं.

३ जून १९९२ रोजी निकाल लागला. सात न्यायाधीशांपैकी सहा बाजूनं. भूमी रिकामी नव्हती, मूळ मालकांचा हक्क होता आणि तो टिकून राहू शकतो, हे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पीठानं मान्य केलं. माबो त्या वर्षीच्या जानेवारीतच कर्करोगानं गेला होता. तीन वर्षांनी टाउन्सव्हिलमधल्या त्याच्या थडग्याची कुणीतरी विटंबना केली, तेव्हा घरच्यांनी त्याला मेरवर नेऊन पुरलं, त्याच्या स्वतःच्या जमिनीत.

या सगळ्या वाचनात एक प्रसंग मात्र असा आहे की तो आठवला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गिट्क्सान आणि वेट्सुवेटेन या दोन समाजांनी १९८४ साली सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर भूमीसाठी दावा लावला. खटल्याचं नाव 'देलगमूक्व'. तसं नाव कुणा एका माणसाचं नाही, ते घराण्याच्या प्रमुखाला मिळणारं नाव आहे. खटला चालू असताना ते धारण करणारे वारले, नाव दुसऱ्यानं घेतलं, तेही वारले, ते तिसऱ्यानं घेतलं. माणसं गेली तरी वादी हजर होता. सुनावणी ३७४ दिवस चालली.

त्यांच्याकडे सातबारा नव्हता. त्यांच्याकडे 'अदाव्क' होतं. घराण्याची कथा, कुठून आलो, कुठल्या नदीकाठी काय घडलं, कुणाच्या मरणाची किंमत देऊन ही भूमी आपली झाली, हे सांगणारी. ती सांगायची कुणी, कुठे आणि कुणासमोर, हे ठरलेलं. साक्षीदार ऐकतात आणि चुकलं तर तिथल्या तिथे बोलतात. आणि तिच्यात गाणी असतात. मेरी जॉन्सन या वृद्ध प्रमुख साक्ष देत होत्या. घराण्याची कथा सांगता सांगता त्या एका शोकगीतापाशी आल्या. गीताशिवाय कथा अपुरी राहते, म्हणून वकिलांनी ते गायची परवानगी मागितली. न्यायाधीश अस्वस्थ झाले. हे न्यायालय आहे, शब्द लिहून द्या की, गायची काय गरज? आणि मग ते म्हणाले की गाऊन काही उपयोग नाही, मला गाण्याचा कान नाही.

त्या तरीही गायल्या.

मी त्या न्यायाधीशांना दुष्ट समजत नाही. त्यांना खरंच ऐकू येत नसावं. त्यांच्या सबंध शिक्षणानं त्यांना शिकवलं होतं की पुरावा कागदावर असतो, शाईत असतो, त्यावर तारीख असते. वर्षानुवर्षांच्या शोकसभेत सगळ्या समाजासमोर गायलं गेलेलं आणि म्हणून कुणाला बदलता न येणारं गीत हा दस्तऐवज असू शकतो, ही कल्पनाच त्यांच्या कानात शिरायला जागा नव्हती. १९९१ साली त्यांनी दावा फेटाळला आणि त्या पूर्वजांचं आयुष्य किती खडतर, रानटी आणि तोकडं होतं याबद्दलही निकालपत्रात लिहून ठेवलं.

११ डिसेंबर १९९७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. मौखिक इतिहासाला लिखित कागदांच्या बरोबरीनं स्थान द्यायला हवं, नाहीतर ज्यांच्याकडे लिहिलेलं काही नव्हतं त्यांना आपला हक्क कधीच सिद्ध करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. दहा वर्षं उशिरा का होईना, गाणं ऐकलं गेलं. मात्र भूमी कुणाची, हे त्याही निकालानं ठरवलं नाही. खटला पुन्हा चालवा म्हणाले. तो पुन्हा कधी चाललाच नाही. आणि २०१९ व २०२० साली त्याच वेट्सुवेटेन भूमीतून गॅसची वाहिनी नेताना वाट अडवून बसलेल्यांना पोलिसांनी उचललं. वंशपरंपरेच्या प्रमुखांनी नकार दिला होता. वाहिनी झाली.

इथे पोचलो की माझं भाषांतर पुन्हा अडतं, कारण जाहीरनाम्यातला दुसरा अवघड शब्द 'संमती'. मुक्त, आधी घेतलेली आणि सगळं कळून दिलेली संमती. सरकारं आणि कंपन्या त्याऐवजी 'सल्लामसलत' म्हणतात, आणि दोन्ही एकच आहेत असं भासवतात. एक नव्हेत. सल्लामसलतीत आपण बोलतो, ते लिहून घेतात, चहा होतो आणि यंत्रं येतात. ज्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर चालतच नाही, तो प्रश्न विचारलेलाच नसतो. माझं मत याबाबत अगदी पक्कं आहे.

ऑस्ट्रेलियातल्या जुकन घळीत ४६ हजार वर्षांच्या मानवी वावराच्या खुणा असलेले खडकातले निवारे होते. २०१४च्या उत्खननात तिथे माणसाच्या केसांच्या वेणीचा एक तुकडा मिळाला, सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्याचा जनुकीय धागा आजच्या पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळला. पणजीच्या पणजीच्या किती पणज्या मागे जायचं? २४ मे २०२० रोजी रिओ टिंटोनं लोहखनिजासाठी तिथे सुरुंग लावले. कायद्यानं परवानगी होती. परवानगी नाकारली गेली असती तर कंपनीला दाद मागता आली असती, पण ती दिली गेल्यावर त्या लोकांना दाद मागायची सोयच त्या कायद्यात नव्हती.

खनिजाच्या बाबतीत बाजू घेणं सोपं आहे, हे मला कळतं. अवघड जातं ते जंगल आणि वारा यांच्या बाबतीत. केनियातल्या 'माउ' नावाच्या जंगलातून ओगिएक आदिवासींना बाहेर काढताना सरकार म्हणत होतं की जंगल वाचवायचंय, नद्या तिथे उगम पावतात. नॉर्वेत फोसेनच्या डोंगरांवर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या स्वच्छ विजेसाठी. तिथे सामी आदिवासींचे रेनडिअर हिवाळ्यात चरतात. जंगल वाचावं असं मलाही वाटतं, हवा तापू नये असं मलाही वाटतं. मग? पुष्कळ दिवस मी या 'मग'पाशी घुटमळत होतो. आफ्रिकेच्या मानवी हक्क न्यायालयानं २०१७ साली दिलेला निकाल वाचला तेव्हा वाट दिसली. माउ जंगलाचा ऱ्हास ओगिएकांनी केलेला नाही, हे तिथे स्पष्ट म्हटलंय. जंगल तोडलं दुसऱ्यांनी आणि त्याची शिक्षा म्हणून घर सुटलं मध गोळा करणाऱ्यांचं. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानंही ११ ऑक्टोबर २०२१ रोजी एकमतानं सांगितलं की त्या पवनचक्क्यांचे परवाने बेकायदा आहेत, कारण सामींचा आपल्या संस्कृतीनुसार जगण्याचा हक्क त्यात मोडला.

दोन्ही निकाल लागले, आणि दोन्हीकडे काही हललं नाही. फोसेनच्या पवनचक्क्या फिरतच राहिल्या. ५०० दिवस उलटले तेव्हा सामी तरुण-तरुणी ऑस्लोमधल्या ऊर्जामंत्रालयात जाऊन बसले, मग सरकारनं माफी मागितली. ओगिएकांना २०२२ साली भरपाईचा आदेशही मिळाला, आणि २०२३च्या नोव्हेंबरमध्ये माउ जंगलात त्यांची घरं पुन्हा पाडली गेली. हे वाचून मी दोन-तीन रात्री कागदांना हात लावला नाही. जिंकूनही जर हेच, तर हरण्यात वेगळं काय असतं?

पण माझ्या हताश होण्याची चैन ज्यांची घरं पडली त्यांना परवडत नाही. ते पुन्हा न्यायालयात गेले आहेत. शिवाय कधीकधी प्रश्न खरोखर विचारला जातो. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण काढायची की नाही, हे ग्रामसभांनी ठरवावं असं १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. त्या पावसाळ्यात १२ ग्रामसभा भरल्या. डोंगरिया कोंध बोलले, न्यायाधीशाच्या उपस्थितीत, आपल्या डोंगरराजाबद्दल आणि झऱ्यांबद्दल. बाराही 'नाही' म्हणाल्या, आणि डोंगर अजून जागेवर आहे.

काल रात्री तेराव्या कलमाशी आलो. त्यात म्हटलंय की आपला इतिहास, भाषा, मौखिक परंपरा पुढच्या पिढीला देण्याचा, आणि आपल्या समाजांना, जागांना, माणसांना आपली नावं देण्याचा व ती राखण्याचा हक्क या जनसमूहांना आहे.

ब्राझीलच्या रोन्दोनिया राज्यात तानारू नावाच्या राखीव जंगलात एक माणूस एकटा राहायचा. त्याच्या समाजाची माणसं जमीन बळकावणाऱ्यांनी मारली होती. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून तो एकटाच उरला होता. सरकारच्या आदिवासी खात्याच्या, फुनाईच्या, लोकांनी आधी संपर्काचा प्रयत्न केला. त्यानं बाणानं उत्तर दिलं. मग त्यांनी ते समजून घेतलं आणि दूर राहून राखण केली. वाटेवर कधी कुऱ्हाड, कधी बियाणं ठेवून यायचे. सुमारे ८ हजार हेक्टर जंगल त्याच्या एकट्यासाठी राखलेलं होतं, आणि भोवती गुरांची कुरणं. त्यानं बांधलेल्या ५०हून अधिक झोपड्यांची नोंद झाली. प्रत्येकीत आतमध्ये एक खोल खड्डा. तो कशासाठी, ते कळलं नाही. बाहेरचे त्याला 'खड्ड्याचा माणूस' म्हणायचे.

२०२२च्या ऑगस्टमध्ये तो झोपडीत टांगलेल्या झोळीत पडलेला सापडला. अंगावर मकाव पक्ष्यांची पिसं होती. झटापटीची काही खूण नव्हती. मरण येतंय हे ओळखून त्यानं ती पिसं स्वतःच लावून घेतली असावीत, असं ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं.

त्याची भाषा कुणी ऐकली नाही. तो स्वतःला काय म्हणायचा, त्याच्या समाजाचं नाव काय होतं, त्या नदीला, त्या खड्ड्याला त्याच्या भाषेत काय म्हणत, ते त्याच्याबरोबर गेलं. तेराव्या कलमातल्या 'नावं' या शब्दापुढे मी पेन ठेवलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. मग ते कलम पुन्हा पहिल्या शब्दापासून लिहायला घेतलं.